८६ टक्के पडलेत आणि पोरगा म्हणतोय आयटीआयच करणार

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे पण इथं सगळ्या प्रकारच्या कामातली माणसं आहेत म्हणून विचारतोय.

मी सांगलीचा, एका पतसंस्थेत क्लार्क. पोराला दहावीला ८६ टक्के पडले. पेढे वाटून झाले आणि रात्री जेवताना साहेब शांतपणे म्हणाले, मी आयटीआयला जाणार, इलेक्ट्रिशियन ट्रेड. बायकोचा घास हातातच राहिला. तेव्हापासून घरात युद्ध सुरू आहे. मेव्हणा म्हणतो ८६ टक्क्यात आयटीआय म्हणजे पोळीचं पीठ गुरांना घालण्यातला प्रकार. शेजारचे काका म्हणाले अहो तिथं नापास पोरं जातात.

हे खूळ आलं कुठून ते मला माहीत आहे. २०१९ चा पूर. आम्ही गावभागात राहतो, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमचा खालचा मजला पूर्ण पाण्यात. बहिणीकडं राहून परत आलो तर घरात गुडघाभर चिखल आणि मिट्ट काळोख. तेव्हा लाइनमन लोक घराघरात फिरून मीटर उघडून, पुसून, वाळलाय का बघून मगच एकेक घर चालू करत होते. पोरगा दहा वर्षांचा होता, दिवसभर त्यांच्या मागंमागं बॅटरी धरून हिंडला. संध्याकाळी आमच्या गल्लीत लाइट आली तेव्हा बायका अक्षरशः रडल्या. त्यातल्या एकानं जाताना त्याला जुना टेस्टर दिला. तो अजून त्याच्या दप्तरात असतो.

आता खरी अडचण माझी सांगतो. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते, हळदीची पोती. आमच्या घरात सगळंच पिवळं असायचं, गादी, भिंत, माझ्या वह्या. शाळेत पोरं म्हणायची काय रे रोज लग्न असतं का तुझ्याकडं. वडिलांचं एकच म्हणणं, तुझ्या पाठीवर पोतं नको. म्हणून मी बीकॉम झालो, खुर्चीत बसलो. दर १ मेला आमच्याकडं कार्यक्रम असतो, तिथं कुठलंही काम हलकं नसतं असं मीच बोलतो, टाळ्या पण पडतात. आणि घरात पोरगं स्वतःहून हातातलं काम करतो म्हटलं तर माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "लोक काय म्हणतील?" हे कळतंय पण वळत नाही. काय करावं सांगा. शिव्या चालतील.

साधा_माणूस_पुणे
शिव्या नाही पण स्पष्ट बोलतो. दहा वर्षांचा असताना जे आवडलं त्यावर आयुष्य ठरवतात का? मला पण कंडक्टर व्हायचं होतं, ती तिकिटाची पेटी आणि टिकटिक पंच फार आवडायचा. ८६ टक्के आहेत, अकरावी सायन्स घ्या, सीईटी द्या, इलेक्ट्रिकलचीच आवड असेल तर इलेक्ट्रिकल इंजिनिअर होईल, त्यात काय बिघडलं. आणि ते सगळी कामं समान वगैरे फळ्यावर सुविचार लिहायला ठीक आहे. एमबीबीएसला साडेपाच वर्षं, वर एमएसची तीन, एवढं घासून जो सर्जन होतो त्याला आणि स्क्रू पिळणाऱ्याला समाज एकाच मापानं मोजणार नाही आणि मोजू पण नये. मग शिकायचं कशाला कोणी?

खांबावरचा
साधा माणूस साहेब, स्क्रू पिळणारा बोलतोय, १९ वर्षं झाली पिळतोय. मराठी चुकलं तर समजून घ्या.

पुराच्या वेळी मी पण त्याच भागात होतो, पलूसकडं. त्या पोराला टेस्टर देणारा मी नव्हं, पण आमच्यातलाच कोणतरी असणार.

पैलं काम काय असतं ते सांगतो मग मान बिन बघू. ११ केव्हीच्या लाइनवर काम निघालं की आदी सबस्टेशनला फोन करून परमिट घ्यायचं, म्हंजे लाइन बंद घेतली आणि माझ्या नावावर बंद आहे, मी परत दिल्याबिगर कोणी चालू करायची नाही. मग एबी स्विच वडायचा, म्हंजे खांबावरचा लाइन तोडायचा स्विच. मग अर्थिंग रॉड टाकायचा दोन्ही बाजूनं, म्हंजे तारा जमिनीला जोडून ठेवायच्या. का, तर कोणतरी दुकानदार जनरेटर उलटा जोडून बसलेला असतोय, त्याचा सप्लाय डीपीतनं (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधनं) उलटा वर येतोय. दुकानात २३० व्होल्ट पण ट्रान्सफॉर्मरमधनं उलटा आला की ११ हजार होतो. ह्यात एक पायरी गाळली की माणूस खाली येत नाही, आणावा लागतोय. माझ्यासोबत लागलेल्यातला एकजण असाच गेला. परमिट होतं, रॉड नव्हता टाकलेला, पाऊस होता, घाई होती, खालून लोक वरडत होते लाइट कधी येणार. त्याची पोरगी आता बारावीला आहे.

तर सर्जननं चूक केली की पेशंट जातोय, आमच्यात चूक केली की आमीच. शिकायला साडेआठ वर्षं लागतात हे मान्य, त्याला पैसे पण जास्ती मिळूदेत, आमचं काय म्हणणं नाही. पण ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या मोबाईलवर फोन लावून "ए कवा हुतंय रे" असं कोणी इचारतं का? मी खांबावर झुल्यात लटकलेला असताना खिशात फोन वाजत असतोय, आणि उचलला की पैला शब्द आई-बहिणीचा. ह्यात डिग्रीचा काय संबंध हाय मला सांगा.

दादा (कृष्णाकाठचे), तुमच्या पोराबद्दल: मार्कं जास्ती हायत म्हणून सरकारी आयटीआय सहज मिळंल, तिथं फी नावाला असती. दोन वर्षं, मग अप्रेंटिस. आमच्यात हुशार पोरगं आलं तर वाया गेलं असं वाटणाऱ्यांना एकच सांगतो, रॉड टाकायचा कटाळा न करणारी पोरं पायजेत आमाला.

नीलांबरी
आधी खांबावरचे दादांना नमस्कार. जनरेटर उलटा जोडणाऱ्यांबद्दल मला आज कळलं, आमच्या गावच्या घरी लग्नात काकांनी हेच केलं होतं बहुतेक.

मला कामाच्या "माना"बद्दल एक सांगायचंय. माझी आई ठाण्यात धुणीभांडी करायची, पाच घरं. सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे हं, खोटं नाही बोलणार, दिवाळीला साडी, माझ्या पुस्तकांचे पैसे, एका घरच्या आजींनी तर मला इंग्लिश शिकवलं. पण पाचपैकी चार घरांत तिचा कप वेगळा होता. कान तुटलेला, खिडकीत साबणाच्या डब्याशेजारी. तिला विचारलं की म्हणायची अगं चहा तोच आहे ना. पाचव्या घरात तिला त्यांच्यातलाच कप द्यायचे आणि त्या घरचा पगार सगळ्यात कमी होता, तरी ते घर तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. गुडघे गेल्यावर चार घरं सोडली, ते नाही.

आता मी शिक्षिका आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. गेल्या वर्षी प्लंबर आला होता, टाकीखाली आडवा पडून दोन तास काम केलं बिचाऱ्याने, मी चहा टाकला आणि कपाटासमोर उभी राहिले आणि माझा हात आपोआप मागच्या बाजूच्या जुन्या कपाकडे गेला. माझा! आईच्या मुलीचा. मी तिथेच थांबले, पाणी उकळून आटलं. मग नवीन सेटमधला दिला पण तो काढताना मला जी लाज वाटली ती प्लंबरला कळली पण नसेल. हे हाडात कुठे जाऊन बसलेलं असतं देव जाणे. म्हणून दादा, १ मेला भाषण आणि घरी "लोक काय म्हणतील" याचं फार वाईट वाटून घेऊ नका. वाटलं ते कबूल केलंत हेच खूप आहे.

आईसाठी मात्र एक राहूनच गेलं. घरकाम करणाऱ्यांसाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात २००८ ला झाला, तिची नोंदणी करायची आम्हाला अक्कलच नव्हती तेव्हा. इथे कोणाच्या घरी मावशी येत असतील तर त्यांची नोंदणी झालीय का तेवढं विचारा.

चौथी_पिढी
सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिलंय. पण मला राग येतोय आणि तो कोणावर काढू कळत नाहीये म्हणून इथे काढतो.

कृष्णाकाठचे दादा, तुमच्या मुलाने काम निवडलं. त्याच्यापुढे सायन्स होतं, कॉमर्स होतं, त्याने पक्कड उचलली. आमच्या घरात चार पिढ्या झाडू आहे. पणजोबा, आजोबा, वडील, मी. मी बीकॉम आहे, तुमच्यासारखाच. एका महापालिकेत कचऱ्याच्या गाडीवर आहे. सफाई कामगार रिटायर झाला किंवा वारला की त्याच्या वारसाला नोकरी द्यायची अशी लाड-पागे समितीची शिफारस आहे, त्यावर ही जागा मला मिळाली. लोक म्हणतात लकी आहेस, कायम नोकरी, पगार चांगला, पीएफ आहे. आहे ना. म्हणूनच घेतली, दोन वर्षं खाजगीत नऊ हजारावर अकाउंट्स लिहून बघितलं होतं. ही शिफारस नको असंही मी म्हणणार नाही, तिच्यामुळे आमची घरं उभी राहिली. पण विचार करा, डॉक्टरच्या वारसाला डॉक्टरकी देत नाहीत, कलेक्टरच्या पोराला कलेक्टर करत नाहीत, मग हेच काम वारशाने का चालतं? कारण बाहेरून दुसरं कोणी फारसं मागायला येत नाही. बाबासाहेबांना १९३६ ला लाहोरला जे भाषण करायचं होतं आणि आयोजकांनी होऊ दिलं नाही त्यात त्यांनी हेच म्हटलंय की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. सगळी कामं सारखी हे वाक्य ऐकलं की मला ते आठवतं. सारखी असतील तर एकदा अदलाबदल करून बघा.

माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना "महापालिकेत आहे" एवढंच सांगितलं होतं. खातं कोणतं ते साखरपुड्यानंतर. बायको अजून चिडवते.

आणि आम्ही कायमवाले तरी बरे. माझ्याच गाडीवर कॉन्ट्रॅक्टची दोन पोरं आहेत, तोच कचरा, तोच वास, तेच तास, पगार माझ्या निम्म्यापेक्षा कमी, हातमोजे मागितले की मुकादम म्हणतो उद्या. गटारात माणूस उतरवायचा नाही म्हणून २०१३ चा कायदा आहे, तरी माणसं उतरतात आणि मरतात. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. चांगलं केलं. पण आमच्या चौकीवर एकजण म्हणाला चला, भाव वाढला आपला. हसलो सगळे. काय करणार.

मला फुलं नकोत, लॉकडाऊनमध्ये भरपूर मिळाली, टाळ्या थाळ्या पण मिळाल्या, एका बिल्डिंगने तर हार घातला. त्याच बिल्डिंगमध्ये नंतर पाणी मागितलं तर वॉचमन म्हणाला खालच्या नळाचं घे. ओला सुका वेगळा करा आणि काच कागदात गुंडाळून टाका, माझ्या हाताला १४ टाके पडलेत आजपर्यंत. एवढं केलं तरी मान पोचला समजेन.

कृष्णाकाठचा
चौथी पिढी, तुमचं वाचून बराच वेळ काय लिहावं सुचलं नाही. खरं आहे, माझ्या पोराकडं निवड आहे, आणि ती वडिलांच्या पाठीमुळं आहे. वडिलांची नोंद माथाडी मंडळात होती. १९६९ च्या कायद्यामुळं त्यांचा पगार मंडळातून यायचा, व्यापाऱ्याच्या मर्जीवर नव्हता, पीएफ, बोनस, रजेचे पैसे मिळायचे. त्यातूनच माझं शिक्षण झालं. ते कधी हमालाला मान मिळत नाही अशी तक्रार करायचे नाहीत. फक्त तोलाईचा हिशोब मात्र रोज रात्री पाठ म्हटल्यासारखा करायचे. आता वाटतं त्यांच्यासाठी मान म्हणजे तो हिशोबच असावा.

आज पोराला विचारलं, समजा अकरावी सायन्सला घातलं तर? म्हणाला घाला, पण मी क्लासला न जाता पंखेच खोलत बसणार. आता ह्याला काय बोलायचं.

स्टुटगार्टकर
मी मूळचा मिरजेचा, अकरा वर्षं जर्मनीत आहे. मेव्हण्याला सांगायला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. इथे इलेक्ट्रिशियन व्हायचं तर साडेतीन वर्षं, कंपनीत काम आणि आठवड्यातले एक-दोन दिवस सरकारी व्यवसाय शाळा, आणि शिकताना दर महिन्याला पैसे मिळतात. पुढे परीक्षा देऊन "माइस्टर" होता येतं, मग स्वतःची फर्म काढून शिकाऊ पोरं घेता येतात. इथल्या राष्ट्रीय पात्रता आराखड्यात माइस्टर आणि बॅचलर डिग्री एकाच पायरीवर आहेत, सहाव्या. कागदावर तरी. आमच्याकडे हीटिंगवाला बोलवायचा म्हणजे तीन आठवडे वाट बघायची, येण्याजाण्याचे पैसे वेगळे, आणि तो आला की मी माझी ऑफिसची मीटिंग बाजूला ठेवून बूट पुसायचं फडकं घेऊन उभा असतो. नाव घ्यायचं तर आडनावाने आणि अहो-जाहो. शिवी दिली तर हत्यारं पेटीत भरून निघून जाईल, आणि पुढचा माणूस परत तीन आठवड्यांनी.

पण लगेच हुरळून जाऊ नका, इथे पण सगळं आलबेल नाही. चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, पोरांच्या शाळा वेगळ्या होतात आणि आईबापांचा जीव त्या जिम्नॅशियमसाठी (पुढे युनिव्हर्सिटीला नेणारी शाळा, व्यायामशाळा नव्हे) कसा खालीवर होतो ते बघितलं की मला आपले दहावीचे पालकच आठवतात. माझा मुलगा यंदा चौथीत आहे. त्याने उद्या सुतार होतो म्हटलं तर मी काय करेन? इथे बसून मोठ्या गप्पा मारतोय पण नक्की सांगता येत नाही.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि आमच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात कुशल कामगार पाठवण्याचा करार झालाय, त्यात इलेक्ट्रिशियन पण आहेत असं वाचलं. पोराने आयटीआयबरोबर जर्मन भाषा सुरू केली तर दार उघडं राहील. फक्त लाखो रुपये मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

साधा_माणूस_पुणे
बरं बाबांनो, स्क्रू पिळणारा हा शब्द मागे घेतो, खांबावरचे साहेब सॉरी. जनरेटरचं मला माहीत नव्हतं, आमच्या सोसायटीत विचारतो नीट चेंजओव्हर (जनरेटर आणि लाइन एकत्र जोडू न देणारा स्विच) लावलाय का ते. बाकी माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. कष्ट, जोखीम, शिक्षण वेगवेगळं असतं तर पैसे वेगळे असणारच. पण अरे-तुरे, कप, पाणी ह्याला काही पैसे पडत नाहीत, त्यात फरक करायचं कारण मला पण देता येईना. चौथी पिढी, काच कागदात गुंडाळायचं आजपासून सुरू.

एक प्रॅक्टिकल मुद्दा, दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निक डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. म्हणजे पुढे इंजिनिअर व्हायची वाट बंद होत नाही. तुमच्या मिसेसना हे सांगा, युद्ध थोडं शांत होईल.

खांबावरचा
सॉरीची काय गरज न्हाई साहेब, चालतंय. आज दुपारीच एका आजीनं खांबाखाली ताक आणून दिलं तवा मूड चांगला हाय.

डिप्लोमाचं बरोबर हाय, आमच्यातला एक तसाच करून आता ज्युनियर इंजिनिअर झालाय, आमालाच परमिट देतोय.

नीलांबरी
मुलीच्या आईबापांबद्दल कोणीच बोललं नाही अजून 😀 पुढे लग्नाच्या वेळी "मुलगा काय करतो" हे येणारच. माझ्या वर्गातल्या मुलींना मी विचारलं होतं, लाइनमन नवरा चालेल का, अर्ध्या म्हणाल्या युनिफॉर्म आहे का. एक म्हणाली मॅडम मीच लाइनमन झाले तर? मला पटकन उत्तरच आलं नाही. तिला कोणत्या ट्रेडला पाठवू?

खांबावरचा
म्याडम हायत की पोरी आमच्यात. इलेक्ट्रिशियनलाच पाठवा. पैल्या दिवशी खांबावर चढताना सगळेच थरथरतात, पोरगं असूदे नायतर पोरगी.

कृष्णाकाठचा
अपडेट. सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरून आलो. बायको सोबत आली, बोलली काही नाही, पण कागदपत्रांची फाइल तिनंच लावून दिली, डोमिसाइल मी विसरलो होतो ते पण तिनंच आठवणीनं घेतलं होतं. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही. आता विकल्प भरायचेत आणि तिथं वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन दिसतायत. म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि वायरमनच ना? पहिलं कोणतं टाकू, उद्या शेवटची तारीख आहे.

खांबावरचा
व्हय तेच. वीजतंत्री एक नंबरला टाका, तारतंत्री दोन नंबरला. दोन्ही दोन वर्षांचेच, वीज कंपनीच्या भरतीला दोन्ही चालतात, पण वीजतंत्रीत मोटर वायंडिंग, कंट्रोल पॅनल जास्ती शिकवतात, कारखान्यात पण काम मिळतंय. भरतीत लागला तर पैली तीन वर्षं विद्युत सहाय्यक म्हणून ठरलेल्या मानधनावर काढायला लागतात, मग कायम, तवा घाबरू नका. प्रॅक्टिकलला रबरी सोलचे बूट लागतील, बाजारातले दोनशेचे घेऊ नका, माझ्याकडं एक चांगला दुकानदार हाय मिरजेत, मेसेज करा.

आणि टेस्टर जुना झाला आसंल तर बदला. जुन्या टेस्टरवर भरवसा ठेवू नये, दिवा लागला न्हाई म्हंजे सप्लाय न्हाई आसं नसतंय.

कृष्णाकाठचा
बदलायला सांगितला. नवीन घेईन म्हणाला, पण जुना देणार नाही.